घरी मशीनवर सिगारेट भरताना: मुंबईच्या हवेत तंबाखू कशी सांभाळावी

घरी सिगारेट भरण्याचे मशीन आणल्यावर पहिल्या पंधरवड्यात मनात येणाऱ्या तक्रारी बहुधा मशीनबद्दलच्याच असतात. दांडा मध्येच अडतो, कागदाची नळी उभी फाटते, एक सिगारेट लाकडासारखी घट्ट होते, तर पुढची इतकी पोकळ होते की पेटवताच भसाभसा जळत जाते. परळच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात ही मशीने मी बरीच वर्षे वापरतो आहे आणि आता माझे ठाम मत झाले आहे की मुंबईत या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा मशीनमध्ये नसून तंबाखूच्या ओलाव्यात असते. म्हणून मशीन कसे चालवावे हे तर पुढे सांगतोच, पण त्याआधी आणि त्याहून अधिक सविस्तर तंबाखूबद्दल सांगतो.

हे मार्गदर्शन आधीपासून सिगारेट ओढणाऱ्या प्रौढ माणसासाठी आहे. जो ओढत नाही त्याने निव्वळ हौसेखातर हे मशीन घरात आणू नये. घरी भरलेली सिगारेट ‘शुद्ध’ असते, तिच्यात कंपनीची रसायने नसतात, म्हणून ती कमी अपाय करते, असे पुष्कळजण मानतात. हा समज पूर्णपणे चुकीचा आहे. अपाय होतो तो पान जळल्यामुळे. त्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात, त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगाला कारण ठरणारी आहेत, आणि पान कोणी भरले याने त्यांत काहीही फरक पडत नाही. फिल्टर लावला तरीही पडत नाही. ज्यांना सोडायची आहे त्यांच्यासाठी १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे आणि त्यावर समुपदेशन मिळते. हे एकदा स्पष्ट सांगून मी कामाकडे वळतो.

घरगुती मशीनचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिले आणि सर्वांत स्वस्त ते दोन लाटण्यांचे: बोटभर लांबीच्या दोन लाटण्या आणि त्यांच्याभोवती फिरणारा रेक्झिनसारखा पट्टा. यात सुटा कागद लागतो, तो डिंकाच्या कडेने चिकटवावा लागतो. दुसरे ते इंजेक्टर. यात कागदाची तयार नळी लागते, तिच्या एका टोकाला फिल्टर आधीच बसवलेला असतो आणि दांडा ओढला किंवा फिरवला की दाबलेली तंबाखू त्या नळीत सरकते. तिसरे म्हणजे तोच इंजेक्टर, पण मोटरवर चालणारा. रोजच्या पाच-सात सिगारेटींसाठी मोटरच्या मशीनची काहीही गरज नाही. दांड्याचा इंजेक्टर हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा प्रकार आहे, कारण तंबाखू कुठे अडते आहे ते हाताला लगेच कळते. मोटरला ते कळत नाही, ती ढकलत राहते आणि नळी फुटते.

येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेत जेम्स बोन्सॅक याला १८८१ मध्ये ज्या सिगारेट-मशीनचे पेटंट मिळाले, ते मिनिटाला सुमारे दोनशे सिगारेटी करीत असे, आणि त्याची युक्ती अशी होती की कागदाच्या अखंड फितीत तंबाखूची अखंड दोरी गुंडाळायची आणि मग तिचे सारखे तुकडे कापायचे. आजचे कारखानेही मुळात याच तत्त्वावर चालतात. त्यामुळे कारखान्यात एका सिगारेटीत कमी आणि दुसरीत जास्त हा प्रश्न दोरीच्या पातळीवरच सोडवलेला असतो. घरच्या मशीनमध्ये दोरी नसते. प्रत्येक सिगारेट नव्याने भरायची असते आणि तिचा सारखेपणा तुमची चिमूट ठरवते. मशीन फक्त दाबते आणि सरकवते. किती, कुठे आणि कोणत्या ओलाव्याची तंबाखू घातली हे ते सुधारू शकत नाही.

माझे वडील गिरणीत स्पिनिंग खात्यात होते. तिथे हवेत ओलावा मुद्दाम राखला जाई, कारण कोरड्या हवेत सूत तुटते आणि तूस उडते. घरी आल्यावर ते कापसाचा पेळू दोन बोटांत धरून दाखवीत आणि म्हणत, ‘हाताला विचार, तो सांगेल.’ मला तंबाखूसाठी याहून चांगली कसोटी सापडलेली नाही. चिमूटभर तंबाखू तळहातावर घ्या, मूठ घट्ट वळा, तीनपर्यंत मोजा आणि मूठ उघडा. कुरकुर आवाज होऊन धागे तुटले आणि तळहातावर भुकटी राहिली, तर तंबाखू कोरडी आहे. गोळा झाला आणि तो तसाच बसून राहिला, बोटांना चिकट लागला, तर ओली आहे. गोळा झाला पण उघड्या तळहातावर हळूहळू स्वतःहून सुटू लागला, एकेक धागा उभा राहू लागला, तर ती भरण्याजोगी आहे. मोजमापाच्या भाषेत सांगायचे तर ६० ते ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत स्थिरावलेली तंबाखू अशी वागते. लहान आर्द्रतामापक घेऊन तो बरणीत ठेवला तर अंदाज पक्का होतो, पण मूठ रोज हाताशी असते.

आता मुंबईची अडचण लक्षात घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडची हवा बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते आणि तंबाखू हे हवेतला ओलावा शोषून घेणारे पान आहे. पाकीट उघडून टेबलावर ठेवले आणि एक तास गप्पा मारल्या, तर पुढच्या सिगारेटी जड होतात. ओली तंबाखू मशीनच्या पन्हळीत, म्हणजे ती घालायच्या खोबणीत, दाबली की तिची लगदीसारखी कांडी होते. ती सरकताना कागदाला आतून ओढते, म्हणून नळी फाटते. आणि चुकून फाटली नाही तर ती सिगारेट पेटत नाही, गालफडे दुखेपर्यंत ओढावी लागते. डिसेंबर-जानेवारीत याच्या उलट होते. उत्तरेकडचे कोरडे वारे आले की उघडी राहिलेली तंबाखू एका संध्याकाळीत कुरकुरीत होते, तिचे धागे दांड्याच्या दाबाखाली मोडतात, भुकटी होते, आणि ती भुकटी सिगारेटच्या उघड्या टोकातून ओठांवर आणि शर्टावर सांडते.

पावसाळ्यात ओली तंबाखू पंख्याखाली पसरून उपयोग होत नाही, कारण पंखा तीच दमट हवा तिच्यावर मारतो. मी असे करतो: जेवढी आठवड्याला लागेल तेवढीच तंबाखू रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत सैल भरतो, पाण्याच्या नव्या बाटल्यांबरोबर किंवा औषधांच्या डब्यांत मिळतात तशा सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्वच्छ मलमलीच्या तुकड्यात अडकवतो आणि झाकण घट्ट लावतो. तीन-चार तासांनी मुठीची कसोटी घ्यायची. रात्रभर विसरलात तर उलटे, ती गरजेपेक्षा जास्त कोरडी होते. कोरडी झालेली तंबाखू परत आणण्यासाठी मडक्याच्या खापराचा रुपयाएवढा तुकडा पाण्यात भिजवून, बाहेरून पुसून, बरणीत तंबाखूवर ठेवावा आणि दोन-तीन तासांनी काढून घ्यावा. बटाट्याची किंवा सफरचंदाची साल टाकण्याचा जो उपाय सर्रास सांगितला जातो तो मुंबईत तरी करू नये. दोन दिवसांत त्या सालीला बुरशी येते आणि ती बरणीभर पसरते. बुरशी आली, म्हणजे कुबट वास आला किंवा पांढरे केस दिसले, तर ती तंबाखू वाळवून वापरण्याचा मोह टाळावा. सगळी फेकावी, बरणी गरम पाण्याने धुवावी आणि उन्हात पूर्ण कोरडी झाल्यावरच पुन्हा वापरावी.

तंबाखू कोणती, याबद्दल थोडक्यात. मशीनसाठी शेवयांसारखी बारीक आणि लांब कापलेली, सिगारेटसाठी म्हणून विकली जाणारी तंबाखूच घ्यावी. निपाणी भागातली विडीची तंबाखू रवाळ असते. टेंभुर्णीच्या पानात ती घट्ट बसते, पण कागदाच्या नळीत तिला एकमेकांत गुंतायला धागेच नसतात, त्यामुळे ती गळून पडते. पाइपची तंबाखू रुंद पट्ट्यांची आणि ओलसर असते, इंजेक्टरमध्ये ती हमखास अडते. खाण्याची, चुन्याची किंवा सुगंधी तंबाखू जाळण्यासाठी नसतेच.

पाकीट उघडल्यावर थेट मशीनकडे जाऊ नका. साध्या खाकी कागदावर (वर्तमानपत्रावर नको, त्याची शाई सुटते) तंबाखू काढा आणि कापूस पिंजल्यासारखी दोन्ही हातांच्या बोटांनी सुटी करा. गाठी सोडवा. शिरांच्या जाड काड्या वेचून बाजूला टाका. काडी कितीही लहान वाटली तरी तीच नळी आतून भोसकते. या कामाला पाच मिनिटे लागतात आणि बहुतेक लोक नेमकी हीच पाच मिनिटे वाचवतात.

आता इंजेक्टर. मशीन टेबलाच्या कडेला, दांडा ज्या हाताने चालवणार त्या बाजूला ठेवावे आणि पहिली गोष्ट म्हणून ते रिकामेच एकदा चालवावे. दांडा शेवटपर्यंत जाऊन मागे येतो ना, तंबाखू नळीत नेणारा पन्हळी चमचा सरळ बाहेर पडतो ना, हे डोळ्यांनी पाहावे. मग पन्हळीत तंबाखू घालायची. सवयीने आपण मधोमध चिमूट टाकतो आणि तिथेच चूक होते. दोन्ही टोकांना थोडी अधिक आणि मध्ये किंचित कमी असे भरावे, कारण दाबल्यावर तंबाखू मध्याकडे सरकते आणि टोके पोकळ राहतात: एका टोकाला फिल्टरजवळ पोकळी, दुसऱ्या टोकातून गळती. पन्हळीच्या काठाशी तंबाखू समपातळीत आली की थांबावे. अंगठ्याने ठासू नये, तर्जनीने फक्त आडवी थोपटावी. नेहमीच्या ८४ मिलिमीटर लांबीच्या फिल्टरच्या नळीत सुमारे पाऊण ग्रॅम तंबाखू पुरते, म्हणजे ५० ग्रॅमच्या पाकिटात साधारण ६५ सिगारेटी होतात. सोनाराच्या धर्तीचा लहान डिजिटल काटा हाताशी असेल, तर पहिल्या दहा सिगारेटी तोलून पाहाव्यात. चिमटीला वजन कळू लागले की काट्याची गरज उरत नाही.

नळी नोझलवर, म्हणजे मशीनच्या बाहेर आलेल्या तोंडावर, चढवताना फिल्टरचे टोक बाहेर आणि उघडे टोक मशीनकडे येते. नळी दोन बोटांत हलकी धरावी, घट्ट नाही. घट्ट धरली तर ती चमच्याबरोबर सरकू शकत नाही आणि कागदाला सुरकुती पडते. मग दांडा एकाच संथ, सलग हालचालीत चालवावा, जसा शेवेचा सोऱ्या दाबतो तसा, झटका नाही आणि मध्ये थांबणे नाही. अर्ध्यावर जोर लागला तर तिथेच थांबावे, दांडा मागे आणावा आणि पन्हळ उघडून पाहावी. माझ्या पहिल्या मशीनचा दांडा मी याच जागी मोडला. पावसाळ्यातली संध्याकाळ होती, तंबाखू ओली होती, तीन नळ्या एकामागोमाग फाटल्या आणि चौथ्या वेळी रागाने मी सगळा जोर लावला. मशीन उघडल्यावर चमच्याच्या मागे तंबाखूचा दाबून काळा झालेला थर दिसला, नखाने खरवडावा लागेल असा. पहिली नळी फाटली तेव्हाच उघडून पाहिले असते तर तो थर चिमूटभरच निघाला असता.

नळी भरून निघाली की ती फिल्टरच्या बाजूने खाली धरून टेबलावर दोन-तीनदा हलकेच आपटावी, म्हणजे तंबाखू फिल्टरकडे बसते. बाहेर डोकावणारे धागे ओढून काढू नयेत, ओढले की आतला धागाही निघतो. ते कात्रीने कापावेत. नंतर अंगठा आणि तर्जनी यांत सिगारेट धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपावी. एखाद्या ठिकाणी बोट आत गेले, तर तिथे पोकळी आहे आणि पुढच्या वेळी पन्हळीच्या त्या भागात किंचित जास्त घालायची आहे. मी पहिल्या महिन्यात अशा जागांवर शिसपेन्सिलीची खूण करीत असे. खुणा नेहमी एकाच ठिकाणी पडू लागल्या तेव्हा माझी चिमूट कुठे चुकते ते कळले.

लाटण्यांच्या मशीनची पद्धत वेगळी आहे, पण नियम तेच. पुढची लाटणी खाली करून पट्ट्याचा जो पाळणा तयार होतो त्यात एका टोकाला सुटा फिल्टर ठेवावा आणि उरलेल्या जागेत तंबाखू सारखी पसरावी. लाटण्या मिटवून दोन्ही अंगठ्यांनी पुढची लाटणी आपल्याकडे दोन-तीन वेळा फिरवली की आत गोल कांडी तयार होते. आता कागद दोन लाटण्यांच्या फटीत सरळ सोडायचा, डिंकाची कड वर आणि आपल्याकडे तोंड करून. कागद रेषभर तिरका गेला तरी सिगारेट पिळल्यासारखी निघते, म्हणून तो दोन्ही कोपऱ्यांत धरूनच सोडावा. लाटणी फिरवत डिंकाची रेघ तेवढी बाहेर राहिली की ती ओल्या बोटाने पुसटशी भिजवावी आणि पुढे दोन फेरे द्यावेत. पुसटशी यासाठी, की चिंब भिजवली तर कागदच विरघळतो. डिंक सुटला म्हणून घरातला गोंद किंवा चिकटपट्टी लावण्याचा विचारही करू नये, ते जळून छातीत जाते. पावसाळ्यात हे कागद आपोआप एकमेकांना चिकटतात, म्हणून कागदांची पाकिटे आणि नळ्यांचे खोके दोन्ही स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसह ठेवावेत.

मोटरचे मशीन घेणार असाल तर प्रथम त्याच्या ॲडॉप्टरवरची ओळ वाचा. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची आहे. परदेशातून कोणी आणून दिलेले मशीन ११० ते १२० व्होल्टचेच असेल, तर ते थेट लावताच जळते. सलग भरत बसू नये, मोटर हाताला गरम लागली की थांबावे, आणि आत बोट किंवा ब्रश घालण्यापूर्वी प्लग काढलेला असला पाहिजे, बटण बंद असणे पुरेसे नाही.

कायद्याबाबत दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. स्वतः भरलेल्या सिगारेटी विकू नयेत, ओळखीच्या लोकांना ‘खर्चापुरत्या’ पैशांतही नाही. सिगारेटच्या उत्पादनाला परवाना लागतो, कर लागतो आणि २००३ च्या कायद्यानुसार पाकिटावर चित्रासह इशारा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे सार्वजनिक जागा. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली आणि २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर त्याचे नियम कडक झाले. स्टेशन, बेस्टची बस, कचेरी, उपाहारगृह येथे घरची सिगारेटही सिगारेटच असते. आणि घरात म्हणाल, तर चाळीतल्या किंवा छोट्या फ्लॅटमधल्या खोलीत ओढलेला धूर त्या खोलीत राहत नाही, तो बाळाच्या पाळण्यापर्यंत आणि गॅलरीतून शेजारच्यांपर्यंत जातो. भरायचे काम घरात, ओढायचे घराबाहेर मोकळ्यावर, हा नियम मी आमच्याकडे पहिल्या दिवसापासून ठेवला आहे. तंबाखूची बरणी मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कुलपाच्या कपाटात असावी, कारण थोडी तंबाखू गिळली तरी लहान मुलाला निकोटीनची विषबाधा होऊ शकते. भरून झाल्यावर टेबल ओल्या फडक्याने पुसावे आणि हात साबणाने धुवावेत.

साफसफाई आठवड्यावर ढकलू नये. वीस-पंचवीस सिगारेटी झाल्या की जुन्या दातघासणीने पन्हळ, चमचा आणि नोझल यांतली भुकटी झाडावी, खाचांत दातकोरणी फिरवावी. पाणी लावू नये, आणि शिवणयंत्राचे तेल तर मुळीच नाही. तेलाला भुकटी चिकटते, त्याची राळ होते आणि तेल तंबाखूत उतरते. महिन्यातून एकदा तळाचे स्क्रू पेचकसाने तपासावेत, कारण दांड्याच्या झटक्यांनी ते सैल होतात आणि चमचा केसभर तिरका चालू लागतो. नळ्या एकाच बाजूने, म्हणजे नेहमी डावीकडून किंवा नेहमी उजवीकडून फाटत असतील, तर तंबाखूकडे पाहण्याआधी हा स्क्रू पाहावा. फाटण्याची जागा दर वेळी वेगळी असेल, तर बरणी उघडून पुन्हा मूठ वळावी.